मधल्या सुट्टीनंतरची दहा मिनिटे : प्राथमिक वर्गात वर्तन कसे शिकवावे

कोपरखैरणेतील एका शाळेत दुसरीच्या वर्गाची मधली सुट्टी संपल्याची घंटा होते, तेव्हा बेचाळीसपैकी दहाएक मुले नळावर असतात, पाचसहा जण खिचडीची ताटे धूत असतात, दोघे जिन्याच्या कठड्यावरून घसरत असतात आणि उरलेली वर्गात आलेली असली तरी बाकावर नसतात, बाकाच्या आसपास असतात. बाई फळ्यावर दिनांक लिहीत असताना पाठीमागे पाण्याची बाटली पडते, ती कोणी पाडली यावरून वाद होतो, वादात तिसऱ्याचीच पेन्सिल मोडते आणि गणिताचा तास सुरू होण्याआधी चौघे जण तक्रार घेऊन टेबलाशी उभे राहतात. त्यांना रागावून जागेवर बसवेपर्यंत दहा-बारा मिनिटे गेलेली असतात. ठाणे आणि नवी मुंबई मिळून मी बावीस वर्षे पहिली ते चौथीच्या वर्गांना शिकवले आणि त्यांपैकी पहिली सात-आठ वर्षे हा वाया गेलेला वेळ मुलांच्या खोडकरपणाच्या खात्यावर मांडत राहिले. वास्तविक तो माझ्या खात्यावर मांडायला हवा होता, कारण घंटा झाल्यापासून वही उघडेपर्यंत नेमके काय करायचे, हे त्या मुलांना मी कधी शिकवलेच नव्हते.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेकब कुनिन यांनी प्रत्यक्ष वर्गांच्या चित्रफिती तपासून केलेले संशोधन १९७० मध्ये मांडले. मूल चुकल्यावर शिक्षक काय करतात, यावरून चांगला चालणारा वर्ग आणि गोंधळाचा वर्ग वेगळा ओळखता येत नाही, असे त्यांना आढळले. फरक होता तो चूक घडण्याआधीच्या कामात : सगळ्या वर्गावर सतत नजर असणे, एकाला समजावताना दुसऱ्या कोपऱ्याचे भान सुटू न देणे आणि एका कामातून दुसऱ्या कामात जाताना वर्ग रेंगाळू न देणे. पुढे दिलेली पद्धत याच समजुतीवर उभी आहे. ती राबवायला पैसे लागत नाहीत. जूनमधले पहिले दोन-तीन आठवडे मात्र द्यावे लागतात, आणि अभ्यासक्रम मागे पडेल या धास्तीने बहुतेक शिक्षक नेमके तेच देत नाहीत.

आधी आठवडाभर नुसती नोंद

पहिल्या आठवड्यात काहीही बदलू नये. एक साधी वही घेऊन तिच्यात चार रकाने आखावेत : वेळ व ठिकाण, मुलाने काय केले, त्याच्या लगेच आधी काय चालले होते आणि त्यानंतर मुलाला काय मिळाले. ‘मस्ती करतो’, ‘उद्धट आहे’ असे शेरे या वहीत लिहू नयेत. ‘शेजारणीच्या वहीवर रेघ ओढली’ असे, डोळ्यांना दिसले तेवढेच लिहावे. सत्राअखेरीस वर्णनात्मक नोंदी भरायची वेळ येते तेव्हाही ही सवय उपयोगी पडते, हा वेगळाच फायदा.

सर्वांत बोलका असतो तो शेवटचा रकाना. एक मुलगा भाषेच्या तासाला प्रकट वाचन सुरू झाले की हमखास पेन्सिलीला टोक करायला उठायचा, वाटेत कोणाला तरी टपली मारायचा आणि मी त्याला वर्गाच्या मागे उभे करायचे. वहीत तीन दिवस सलग तीच नोंद झाल्यावर लक्षात आले की मागे उभ्या राहिलेल्या मुलाला वाचावे लागत नाही. मी ज्याला शिक्षा समजत होते ती त्याच्यासाठी सुटका होती आणि ती त्याला दररोज बिनचूक मिळत होती. त्याचा खरा प्रश्न जोडाक्षरांचा होता. त्याच्या पाळीच्या दोन ओळी आदल्या दिवशी त्याच्या एकट्याकडून वाचून घेतल्यावर पेन्सिलीचे टोक आठवडाभर टिकू लागले.

बहुतेक नोंदींच्या मुळाशी चारपैकी एखादी गोष्ट सापडते : मुलाला लक्ष हवे असते, नको असलेले काम टाळायचे असते, एखादी वस्तू किंवा पाळी हवी असते, किंवा शरीर नुसते हालचाल मागत असते. कारण वेगळे असेल तर उपायही वेगळा करावा लागतो. लक्ष हवे असलेल्या मुलाला भर वर्गात रागावणे म्हणजे त्याने मागितलेली वस्तू जरा मोठ्या आवाजात त्याच्या हातात ठेवणे होय.

ही वही वेळेनुसार चाळली की दुसरी गोष्ट दिसते. माझ्या पहिल्या वहीत आठवड्याच्या वीस-बावीस नोंदी होत्या आणि प्रत्यक्ष शिकवणे चालू असतानाच्या त्यांत जेमतेम चार निघाल्या. बाकी साऱ्या परिपाठाला जाताना, मधल्या सुट्टीनंतर, एक पुस्तक ठेवून दुसरे काढताना आणि शाळा सुटण्याआधी दप्तर भरताना घडलेल्या होत्या. कामाला सुरुवात कोठून करायची, हे तेथेच ठरले.

वर्गखोली

शिक्षणाच्या हक्काच्या कायद्यानुसार पहिली ते पाचवीसाठी साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, म्हणजे तिसांमागे एक, असे प्रमाण आहे. दिघा, तुर्भे, कळवा, वागळे इस्टेट या भागांत एका खोलीत चाळीस-पंचेचाळीस मुले बसवण्याची सवय असलेल्या शिक्षकाला या आकड्यावर हसू येईल. पण पट हाती नसला तरी खोली हाती असते. बाक असे लावावेत की कोणत्याही मुलापर्यंत सात-आठ पावलांत पोचता येईल. भिंतीला टेकलेली, शिक्षकाला जाताच येत नाही अशी रांग ठेवू नये, कारण गोंधळाची पैदास तिथेच होते. पाण्याच्या बाटल्या बाकावर न ठेवता रांगेगणिक एकेका खोक्यात ठेवल्या तर पडणे-सांडणे निम्म्याने कमी होते. कचऱ्याची टोपली दोन ठिकाणी असावी आणि टोक करण्याचे काम वर्ग भरताना उरकावे. तासाला पेन्सिल मोडलीच तर टेबलावरच्या डब्यातली टोक केलेली पेन्सिल घ्यावी व आपली मोडकी तिथे ठेवावी.

शाळा सुरू होते ती भर पावसाळ्याच्या तोंडावर. व्हरांड्यात दोरी बांधून ओल्या छत्र्या आणि रेनकोट बाहेरच ठेवले नाहीत, तर दारातल्या ओल्या फरशीवर पहिल्याच आठवड्यात कोणीतरी घसरते आणि ‘ह्यानेच ढकलले’ हे प्रकरण सुरू होते. मैदानात पाणी साचलेल्या दिवशी मुलांची धावपळ होत नाही. अशा दिवशी दर तासानंतर दोन मिनिटे जागेवर उड्या, टाळ्या, हात वर-खाली असे काही घेतल्याशिवाय शांततेची अपेक्षा करणे मला तरी अन्यायाचे वाटते.

व्यवस्था बदलली की मुलांचे वागणे बदलते, हे आपल्या परिसराला नवे नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाड येथे काम केले तेव्हा तो भाग ठाणे जिल्ह्यातच होता. पालघर जिल्हा वेगळा झाला तो २०१४ मध्ये. गुरे राखायला जाणारी आदिवासी मुले शाळेत टिकत नाहीत म्हणून त्यांच्यावर आळशीपणाचा शिक्का न मारता त्यांनी शाळाच कुरणात नेली आणि तिला कुरणशाळा असे नाव दिले.

तीन नियम आणि त्यांचा सराव

नियम तीनच असावेत. दहा कलमांचा रंगीत तक्ता मुख्याध्यापकांना आवडतो, पण सात वर्षांच्या मुलाला आठवत नाही. ‘ओरडू नये’, ‘मारू नये’ अशा नकारात नेमके काय करायचे हे कळत नाही, म्हणून नियम करण्याच्या भाषेत असावेत. माझ्या वर्गात पुढील तीन नियम वर्षानुवर्षे चालले : एक जण बोलतो, बाकीचे ऐकतात; हात-पाय आपल्याजवळ; वस्तू वापरून झाली की जागेवर. मुलांकडून नियम काढून घ्यावेत असे प्रशिक्षणात सांगतात. ते बरोबर असले तरी मुले स्वतःहून जे नियम आणि ज्या शिक्षा सुचवतात त्या फार कडक असतात, हे ध्यानात ठेवून त्यांना शब्द सुचवावे लागतात.

नियम भिंतीवर लावल्याने काही होत नाही; त्यांना रोजच्या कामाशी जोडून त्यांचा सराव घ्यावा लागतो. मधल्या सुट्टीनंतरचेच उदाहरण घेऊ. घंटा झाल्यावर मुलाने हातातले ताट मावशींजवळच्या टोपात ठेवायचे, नळावर आपल्या रांगेच्या पाळीनेच जायचे, बाटली खोक्यात ठेवायची, बाकावर बसून फळ्यावरचे एक गणित वहीत उतरवून घ्यायचे. ही चार कामे आपल्याला एका वाक्यात सांगता येतात म्हणून सोपी वाटतात, परंतु मुलासाठी त्यांतले प्रत्येक काम सुटे शिकण्याचे असते.

सरावाच्या पहिल्या दिवशी मी मुलांना व्हरांड्यात भिंतीला टेकून उभे केले, म्हणाले, “आता मी दुसरीतली मुलगी आहे, माझं काय चुकतं ते पकडा,” आणि हातात बाटली घेऊन नळाकडून धावत आले, दारात दोघांना कोपराने बाजूला सारले, बाटली बाकावर आपटली आणि शेजारच्या बाकावर बसले. वर्ग हसून लोटपोट झाला. “बाई, तुम्ही ढकललंत!” “बाई, तुमची जागा तिकडे आहे!” “बाई, झाकण उघडं राहिलं, बघा पाणी!” चुकांची यादी त्यांनीच पूर्ण केली, झाकणाची चूक तर मी मुद्दाम केलेलीही नव्हती. मग विचारले, “बरं, आता हेच नीट कोण करून दाखवतं?” आणि शंभर हात वर झाले तरी निवडले ते कठड्यावरून घसरणाऱ्या दोघांपैकी एकाला. त्याने इतक्या गंभीरपणे बाटलीचे झाकण लावले की मागच्या रांगेतून आपोआप टाळ्या वाजल्या. त्यानंतर एकेक रांग, मग सगळा वर्ग, असे दोनदा झाले. एकूण वेळ लागला पंचवीस मिनिटे.

पहिला आठवडाभर हा सराव रोज पंधरा मिनिटे, दुसऱ्या आठवड्यात पाच मिनिटे आणि तिसऱ्या आठवड्यात घंटेआधी नुसती आठवण, एवढे पुरते. याच रीतीने वही गोळा करणे, गटात बसणे, परिपाठाला रांगेत जाणे आणि दप्तर भरणे ही कामे शिकवावीत. पण एका वेळी एकच घ्यावे. बसून काही करण्याजोगे फळ्यावर आधीपासून असणे मात्र अत्यावश्यक आहे. मुले वेळेवर येऊन बसतात आणि बाई हजेरीपट शोधत राहतात, असे दोनदा झाले तरी तिसऱ्या दिवशी वेळेवर कोणी येत नाही.

लक्ष वेधण्याची खूण

“शांत बसा” हे वाक्य दिवसातून चाळीस वेळा म्हटले की त्याचा अर्थ उरत नाही. त्याऐवजी एक खूण ठरवावी. माझी खूण टाळ्यांची होती : दोन सावकाश, तीन जलद, मुलांनी तीच लय परत वाजवायची आणि हात बाकावर ठेवायचे. खूण दिल्यावर शेवटचे मूल थांबेपर्यंत एक अक्षरही बोलू नये. या थांबण्याचीच नव्या शिक्षकांना भीती वाटते आणि ते गोंगाटावरून आवाज चढवून सूचना देतात. त्यामुळे बाई बोलत असतानाही बोलता येते, एवढेच मुले शिकतात. एका तासात दोन-तीनपेक्षा जास्त वेळा खूण वापरावी लागत असेल तर दोष बहुधा कामाचा असतो. ते फार सोपे, फार कठीण किंवा फार लांबलेले असते.

सूचनाही एका वेळी एकच द्यावी आणि दिल्यावर क्षणभर थांबावे. मेरी बड रो या संशोधिकेने दाखवून दिले की शिक्षक प्रश्न विचारल्यावर जेमतेम सेकंदभर थांबतात आणि हे थांबणे तीन सेकंदांपर्यंत नेले की उत्तरे लांबतात, एरवी गप्प राहणारी मुलेही बोलू लागतात. ज्यांच्या घरी हिंदी, आगरी किंवा बंजारा बोलली जाते त्या मुलांना प्रमाण मराठीतली सूचना आधी मनात उलगडावी लागते. हे तीन सेकंद त्यांना मिळाले नाहीत तर ‘ऐकत नाही’ असा शेरा त्यांच्या नावावर चढतो.

कौतुक, आणि माझा फसलेला चांदण्यांचा तक्ता

कौतुक नेमके असावे. ‘शाब्बास’ किंवा ‘गुड’ एवढ्याने आपण काय चांगले केले हे मुलाला कळत नाही. “तू पेन्सिल मागताना आधी तिचं लिहून होईपर्यंत थांबलास, ते मी पाहिलं,” असे सांगितले की ते पुन्हा करता येते. ‘हुशार’, ‘गुणी’ ही विशेषणे टाळून केलेल्या कृतीचे नाव घ्यावे. लाजऱ्या मुलांचे कौतुक बाकाजवळ वाकून हळू आवाजात करावे, कारण चारचौघांत नाव घेतले जाणे काहींना शिक्षेसारखेच वाटते. “बघा, ती किती छान बसलीये, नाहीतर तुम्ही!” हे कौतुक नव्हे, त्यात एका मुलीच्या खांद्यावर बंदूक ठेवून बाकीच्यांवर झाडलेली असते आणि मधल्या सुट्टीत त्याची किंमत तीच मुलगी मोजते.

बक्षिसांच्या बाबतीत मी स्वतः सपाटून मार खाल्ला आहे. एका वर्षी तिसरीच्या वर्गात मोठ्या हौसेने सर्वांच्या नावांचा तक्ता केला आणि चांगल्या वागण्याला एकेक चांदणी चिकटवायला सुरुवात केली. पहिले पंधरा दिवस वर्ग देवघरासारखा शांत होता. महिन्याभरात सात-आठ मुलांच्या नावापुढे चांदण्यांची रांग लागली, पाच मुलांच्या नावापुढे एक-दोनच राहिल्या आणि त्या पाचांनी प्रयत्न सोडून दिले. खाली पडलेला खडू उचलून देणाऱ्या मुलीने हात पुढे करून “बाई, चांदणी?” असे विचारले, त्या संध्याकाळी मी तक्ता काढला. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या अमेरिकी संशोधकांनी चित्रे काढायची मुळातच आवड असलेल्या बालवर्गातील मुलांवर प्रयोग केला होता. चित्र काढल्यास बक्षीस मिळेल असे आधी सांगितलेली मुले नंतरच्या मोकळ्या वेळात चित्रांकडे कमी वळली. बक्षीस न मिळालेल्या किंवा ते अचानक मिळालेल्या मुलांच्या निम्माच वेळ त्यांनी चित्रांना दिला. माझ्या तक्त्याने खडू उचलण्याचेही तसेच केले होते.

म्हणून बक्षीस द्यायचेच तर सगळ्या वर्गाला मिळून, थोड्या मुदतीसाठी आणि वस्तूऐवजी वेळेच्या रूपात द्यावे. घंटेनंतर चार मिनिटांत सर्वजण कामाला लागले की बरणीत एक गोटी टाकायची आणि बरणी भरली की शनिवारी वीस मिनिटे अंताक्षरी किंवा गोष्ट. बरणीतून गोटी परत काढून घेऊ नये. गट पाडून स्पर्धा लावायची असेल तर पहिला क्रमांक न ठेवता एक मर्यादा ठेवावी, म्हणजे ती गाठणारे सगळेच गट जिंकू शकतात. १९६९ मध्ये चौथीच्या एका अमेरिकी वर्गात आजमावलेल्या आणि पुढे अनेक देशांत पसरलेल्या ‘सद्वर्तनाच्या खेळा’तील तरतूदही तीच होती.

चूक घडते तेव्हा

एवढे करूनही चुका होतात, व्हायच्याच. तेव्हा सर्वांत लहान उपायाने सुरुवात करावी. शिकवणे न थांबवता त्या बाकाजवळ जाऊन उभे राहावे. बहुतेक वेळा तेवढ्याने भागते. न भागल्यास बाकावर बोट टेकवून वहीकडे खूण करावी. मग हळू आवाजात नाव घेऊन काय करायचे ते सांगावे, “दुसरं गणित सुरू कर, मी दोन मिनिटांत बघायला येते,” आणि खरोखरच तेथून दूर जावे, कारण डोक्यावर उभे राहिले की मूल हट्टाला पेटते. तरीही चालूच राहिले तर दोन खरेखुरे पर्याय द्यावेत : “इथे शांतपणे करतोस, की पुढच्या रिकाम्या बाकावर बसून करतोस?” ‘करतोस की मुख्याध्यापकांकडे नेऊ?’ ही नुसती धमकी असते, आणि रोज मुख्याध्यापकांकडे पाठवणाऱ्या शिक्षकाची किंमत मुले फार लवकर ओळखतात.

रागाने थरथरणाऱ्या मुलाशी त्या क्षणी बोलू नये. पाणी प्यायला द्यावे, खिडकीपाशी बसू द्यावे, आणि दहा मिनिटांनी, शक्यतो इतरांच्या कानांआड, विचारावे : काय झाले, त्याने कोणाचे काय नुकसान झाले, आता ते कसे भरून काढशील? हुकमी ‘सॉरी’ला काही अर्थ नसतो. शाई सांडणाऱ्याने फडके आणून पुसावे, वही फाडणाऱ्याने चिकटपट्टी लावून ती दुरुस्त करावी, चिडवणाऱ्याने दुपारच्या खेळात त्याच मुलाला आपल्या गड्यांत घ्यावे.

तक्रारींसाठी एक चाळणी ठरवून द्यावी : कोणाला लागले आहे का, कोणाला भीती वाटते आहे का, कोणाची वस्तू गेली आहे का? यांपैकी काही असेल तर ताबडतोब बाईंकडे यायचे. नसेल तर आधी समोरच्याला “मला हे आवडत नाही, थांब” असे स्वतः सांगायचे. कट्टी आणि बट्टीच्या मध्ये मोठ्यांनी पडू नये. घंटाभरात ती आपोआप मिटतात. मात्र चाळणीतून गाळून राहिलेली तक्रार कधीही उडवून लावू नये. स्पर्शासंबंधी किंवा कोणाच्या भीतीसंबंधी मूल काही बोलले, तर शांतपणे ऐकावे, खोदून चौकशी करू नये, मुख्याध्यापकांना त्याच दिवशी सांगावे. मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पोक्सो कायद्यानुसार अशी माहिती पोलिसांपर्यंत पोचवणे बंधनकारक आहे, आणि मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८ या क्रमांकावर आहे.

काय करू नये हेही स्पष्ट असावे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास या दोहोंना मनाई केली आहे. छडी बहुतेक वर्गांतून गेली, परंतु अंगठे धरून उभे करणे, वर्गाबाहेर काढणे, एकच वाक्य शंभरदा लिहायला लावणे आणि सर्वांसमोर घरच्या परिस्थितीवरून बोलणे हे प्रकार अजून दिसतात. खेळाचा तास काढून घेणे ही शिक्षा तर उलटच फिरते, कारण ज्याला हालचालीची सर्वाधिक गरज आहे त्यालाच आपण चार तास खिळवून ठेवतो.

मॉनिटरकडून फळ्यावर ‘बोलणाऱ्यांची नावे’ लिहून घेण्याची प्रथा आपल्याकडे इतकी मुरलेली आहे की तिच्याविरुद्ध बोलले की शिक्षकखोलीत सगळे हसतात. पण ती सोडूनच द्यावी असे माझे ठाम मत आहे. आठ वर्षांच्या मुलाच्या हाती सत्ता येते, तो मित्रांची नावे पुसतो, खाऊ देणाऱ्याचे लिहीत नाही, आणि ज्याचे नाव रोज लिहिले जाते त्याला ते आपलेच स्थान वाटू लागते. मॉनिटरला कामे द्यावीत : फळा पुसणे, वह्या वाटणे, पंखा बंद करणे. दर सोमवारी मॉनिटर बदलावा, आणि सर्वाधिक नोंदी असलेल्या मुलाचा आठवडा लवकर यावा.

एकच मूल पुन्हा पुन्हा

प्रत्येक वर्गात दोन-तीन मुले अशी उरतात की ज्यांच्यावर वरचे काहीच लागू पडत नाही. अशा मुलाची आधी दृष्टी आणि श्रवण तपासून घ्यावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते तेव्हा त्याचे नाव स्वतःहून पुढे करावे. मग झोप आणि भूक यांची चौकशी करावी. पहिल्या दोन तासांत सतत चिडणाऱ्या एका मुलाचे वडील वाशीच्या बाजार समितीत माथाडी काम करत. भाजीपाल्याच्या गाड्या लागायच्या म्हणून ते रात्री दोनला उठत, एका खोलीच्या घरात दिवा लागे आणि त्यानंतर मुलाला झोप लागत नसे. आईने साडीचा पडदा बांधला आणि मी पहिला तास त्याच्यासाठी हलका ठेवला, एवढ्यावर निम्म्या नोंदी थांबल्या.

काही आठवड्यांनंतरही मूल एका जागी क्षणभर टिकत नसेल, किंवा अक्षरओळख वयाच्या मानाने फारच मागे असेल, तर निदान स्वतः करू नये आणि ‘हायपर’ हा शब्द पालकांसमोर उच्चारूही नये. नवी मुंबईतील शिक्षकांना महानगरपालिकेच्या वाशी येथील ईटीसी केंद्राकडे, म्हणजे दिव्यांगांसाठीच्या शिक्षण-प्रशिक्षण केंद्राकडे, पालकांना पाठवता येते. ठाणेकरांनी शिक्षण विभागाच्या गटसाधन केंद्रातील विशेष शिक्षकांपासून सुरुवात करावी.

वर्गात करण्याजोगे एक काम मात्र फार परिणामकारक ठरते. सलग दहा शाळेचे दिवस त्या मुलाशी रोज दोन मिनिटे, अभ्यास आणि वागणूक सोडून, कशाहीबद्दल बोलावे : त्याची मांजर, गोविंदाची तालीम, घणसोलीच्या तलावात पाहिलेला साप. पहिल्या तीन-चार दिवशी उत्तरे एका शब्दाची येतात, तरी थांबू नये.

पालक

पालकांना पहिला फोन तक्रारीचा नसावा. जूनच्या शेवटापर्यंत प्रत्येक घरी एक चांगली बातमी पोचवावी. बेचाळीस मुले असतील तर रोज तीन फोन, प्रत्येकी एक मिनिट. नंतर अवघड बोलण्याची वेळ येते तेव्हा याच फोनची आठवण उपयोगी पडते. वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर कोणत्याही मुलाविषयी, नाव न घेतासुद्धा, तक्रार लिहू नये.

पालकसभेत एखादे वडील हमखास म्हणतात, “बाई, तुम्हीच दोन ठेवून द्या, आमचं काही म्हणणं नाही.” त्यावर कायदा सांगत बसू नये. मी म्हणत असे, “दादा, मी दोन ठेवल्या तर तो माझ्या तासाला गप्प बसेल, पण पुढच्या तासाला हिंदीच्या सरांचा जीव काढेल. त्यापेक्षा रात्री दप्तर तुमच्यासमोर भरून घ्याल का? तेवढंच करा, पंधरा दिवस.” मागणी एकच, लहान आणि मुदतीची असावी. ‘घरी लक्ष द्या’ या वाक्याने रात्रपाळीहून आलेल्या माणसाला काय करायचे ते कळत नाही.

सुट्टीनंतर पुन्हा

गणपतीच्या सुट्टीनंतर बसलेली घडी थोडी विस्कटते आणि दिवाळीनंतर पुरती. निम्मी मुले गावाहून चार दिवस उशिरा येतात, जुळलेल्या जोड्या मोडतात आणि नळावरची रांग पुन्हा जूनच्या पहिल्या दिवसासारखी दिसते. अशा वेळी “एवढं शिकवलेलं सगळं विसरलात?” असे न म्हणता पहिल्या दिवशी पंचवीस मिनिटे वेगळी काढावीत आणि बाटली घेऊन पुन्हा नळाकडून धावत यावे. त्याच सुमारास नोंदवहीचे नवे पान आखून चारही रकाने परत आठवडाभर भरावेत. दुसऱ्या सत्रातल्या अडचणी वेगळ्या असतात : स्नेहसंमेलनाच्या तालमी, क्रीडास्पर्धा, इतर कामांवर गेलेले शिक्षक आणि त्यांच्याजागी येणारे बदली शिक्षक. बदली शिक्षकांसाठी टेबलाच्या खणात अर्ध्या पानावर तीन नियम, टाळ्यांची खूण, रांगांची पाळी आणि फळ्यावर टाकायची चार गणिते लिहून ठेवावीत. शेवटच्या वर्षी ते अर्धे पान मी चौथीतल्या दोन मुलींकडून लिहून घेतले होते, त्यांनी त्यात पाचवी ओळ स्वतःहून घातली : “बाटलीचे झाकण बघावे.”